झाकणावर ‘कोणी नाही’

चहाचा पहिला घोट घेतला आणि माझं तोंड वाकडं झालं. खारट! जरासा नाही, चांगला समुद्रात बुचकळून काढल्यासारखा. समोर बाबांनी अर्धा कप संपवलासुद्धा होता. हातात पेपर असला की बाबा काहीही पितात. एकदा त्यांनी आईचा काढा कॉफी म्हणून संपवला होता आणि वर ‘आज जरा कडक झालीय’ म्हणाले होते. आत्ताही ते कपाकडे न बघताच म्हणाले, “आज चहा वेगळा लागतोय का गं?” आत्या ओट्यापाशी उभी होती. उभी म्हणजे तिच्या हिशेबाने उभी. एका हाताने पोळपाट पुसत होती, दुसऱ्या हाताने खिडकी उघडत होती आणि पायाने खालचं कपाट लावत होती. “वेगळा कशाला लागेल? रोजचाच तर आहे,” म्हणत तिने स्वतःच्या कपातला घोट घेतला आणि “अगंबाई!” करून कप खाली ठेवला. मग काय झालं ते आमच्या सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. आमच्याकडे साखरेचा आणि मिठाचा असे दोन डबे आहेत, स्टीलचे, अगदी जुळे. आईने झाकणांवर पट्ट्या चिकटवल्यात, एकीवर ‘साखर’, एकीवर ‘मीठ’. काल मी साखर आणली, आज सकाळी आत्याने दोन्ही डबे घासून, पुसून, भरून ठेवले आणि झाकणं हाताला आली तशी लावून टाकली. “भिंगरे, तू ना...” बाबा म्हणाले. भिंगरी हे आत्याचं लहानपणापासूनचं नाव, एका जागी ठरत नाही म्हणून. आत्याने तोवर तिन्ही कप उचलून खिडकीतल्या कुंडीत रिकामे केले होते. उरलासुरला चहा, चोथा, सगळं ती त्या कुंडीत टाकते. त्यातलं झाड गेली कित्येक वर्षं मरतही नाही आणि वाढतही नाही. आई आंघोळीहून आली आणि हसत सुटली. दादा उठून आला आणि कारण न विचारताच हसायला लागला. मीही हसले. हसता हसता ओट्यावरच्या त्या दोन झाकणांकडे बघितलं, आणि हसू तिथल्या तिथे थांबलं.

काल मी नावं झाकणांवर लिहिली होती.

माझ्या प्लेटांची नावं. काचेसारख्या त्या चपट्या गोल बश्या असतात, तळाशी खायच्या जेलीसारखा थर, त्यावर जिवाणू वाढवायचे. बशीला झाकण असतं. आणि पहिल्या वर्षाच्या पहिल्या प्रॅक्टिकलला, अजून आम्हाला पांढरे कोट नीट घालताही येत नव्हते तेव्हा, मॅडमनी पहिलं वाक्य जे सांगितलं होतं ते असं: “नाव तळाला लिहायचं. झाकण बदलतं, तळ बदलत नाही.” त्या दिवशी वर्गातल्या दोघातिघांनी तरीही झाकणावर लिहिलं आणि त्यांचं सगळं एकमेकांत मिसळलं, तेव्हा सगळ्यांत मोठ्यांदा कोण हसलं होतं? मी. आणि काल, शेवटच्या खेपेला, जिच्यावर माझं सगळं अवलंबून होतं त्या खेपेला, मी मार्कर घेऊन मजेत, गाणं गुणगुणत, झाकणांवर नावं टाकत सुटले होते. अक्कल कुठे गहाण टाकली होती कोण जाणे. “काय झालं?” आईने विचारलं. “काही नाही,” म्हणत मी पायात चपला सरकवल्या. “अगं, खाऊन तरी जा!” आत्या जिन्यापर्यंत ओरडत आली. मी तोवर खाली रस्त्यावर होते.

बस मिळाली, बसायला खिडकीही मिळाली. शिट्टीला फोन लावला. शिट्टी म्हणजे माझा लॅबमधला जोडीदार. पिपेटने थेंब मोजताना तो बारीक शिट्टी वाजवतो, त्याला स्वतःला ते कळतही नाही. परीक्षेत एकदा त्याला बाहेर काढलं होतं. काल काय झालं ते मला आता लख्ख आठवत होतं. प्लेटा ओल्या होत्या म्हणून मी सगळी झाकणं काढून बाजूला ठेवली होती, पाच मिनिटं वाळू दे म्हटलं, आणि तेवढ्यात आत्याचा फोन आला. मी बोलायला कॉरिडॉरमध्ये गेले. “साखर संपलीय, येताना आण,” एवढंच सांगायचं होतं तिला, पण आत्या एवढंच कधी सांगते? परत आले तेव्हा शिट्टीने झाकणं लावून, प्लेटा पालथ्या करून, इनक्युबेटरच्या उबेत ठेवूनसुद्धा दिल्या होत्या. काल मी त्याला थँक्यूही म्हटलं होतं. “झाकणं नीट लावली होतीस ना रे?” मी आता विचारलं. “एकदम नीट,” शिट्टी म्हणाला. “नीट म्हणजे?” “नीट म्हणजे घट्ट.” “अरे बाबा, ज्याचं झाकण त्यालाच लावलंस का?” तर म्हणतो, “तू झाकणांवर लिहिलं होतंस?” “हो,” मी म्हटलं. “तू? झाकणांवर?” मी फोन ठेवून दिला. शेजारी बसलेल्या बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना वाटलं असेल की हिचं लग्न मोडलं.

तसंच काहीसं होतं म्हणा. तिसऱ्या वर्षाला प्रत्येकाने एक फाज शोधायचा असतो. फाज म्हणजे जिवाणूंचा विषाणू. आपल्याला जसे सर्दीचे विषाणू गाठतात तसे जिवाणूंनाही त्यांचे विषाणू असतात. ते आत शिरतात, वाढतात आणि जिवाणूला फोडून बाहेर पडतात. मातीत असे असंख्य प्रकार असतात, बहुतेक कुणीच कधी पाहिलेले नसतात. कुठूनही चिमूटभर माती आणायची, पाण्यात घोळायची, अगदी बारीक गाळणीतून गाळायची, ते पाणी मातीतल्याच एका निरुपद्रवी जिवाणूत मिसळून प्लेटवर ओतायचं आणि रात्रभर उबेत ठेवायचं. सकाळी प्लेटवर जिवाणूंची सलग पांढुरकी साय धरलेली असते. आत फाज असेल तर त्या सायीला भोकं पडतात, स्वच्छ, गोल, टाचणीच्या डोक्याएवढी. ती भोकं दिसली की फाज तुमचा. आणि आमच्याकडे रीतच आहे, ज्याला सापडला त्याने त्याला नाव द्यायचं. कुणाचंही खरं नाव द्यायचं नाही, एवढीच मॅडमची अट. शिट्टीला पहिल्याच खेपेला सापडला, त्याच्या इमारतीच्या कचऱ्याजवळ. त्याने त्याला ‘गोट्या’ म्हटलं आणि आठवडाभर बापासारखा मिरवत होता. वर्गातल्या सगळ्यांना सापडले, कुणाला नदीकाठी, कुणाला तबेल्यात. मला नाही. मी बागांमध्ये फिरले, शेतात गेले, एका गृहस्थाच्या अंगणात खरवडताना पकडलेही गेले. दर खेपेला सकाळी प्लेट बघावी तर साय सलग, गुळगुळीत, मला वाकुल्या दाखवल्यासारखी. शेवटी मॅडम म्हणाल्या, “ही शेवटची खेप. नाही मिळाला तर सोमवारपासून तू कॉम्प्युटरवर बस. दुसऱ्यांच्या फाजची माहिती आहे, ती लाव नीट.” त्या रागावून बोलल्या नव्हत्या. वर्ष संपत आलं होतं, त्यांचंही बरोबर होतं. पण मला रडू आलं होतं, आणि मला तर सिनेमातसुद्धा रडू येत नाही.

कारण मला ते टेबल हवं होतं. हे कुणाला सांगायला गेलं की हसतात, म्हणून मी सांगत नाही. मला लॅबमधलं ते काळं टेबल हवं होतं, त्यावरचा तो निळसर दिवा, पिपेटच्या बटणाने दुखून येणारा अंगठा, उकळत्या आगारचा, म्हणजे प्लेटमधल्या त्या जेलीचा, पातळ पेजेसारखा वास, जो माझ्या केसांतून शाम्पूनेही जात नाही. घरी कुणालाच मी नक्की काय शिकते ते कळत नाही, मला कळतं. पाहुणे विचारतात, “म्हणजे डॉक्टर होणार?” “नाही.” “मग नर्स?” “नाही.” “मग औषधाचं दुकान?” मग आई मधे पडते आणि “ती आजार कसे होतात ते शिकते” असं सांगते, तेवढ्यावर पाहुणे बाही वर करून आपलं गजकर्ण दाखवतात. दादा तर मला ‘अर्धी डॉक्टर’ म्हणतो, आणि सर्दी झाली की अर्धीच गोळी मागतो. मी चिडत नाही. पहिल्या वर्षाला मी बोटातून रक्ताचा थेंब काढून काचेवर पसरला, रंगवला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवला, तो दिवस मला आठवतो. लाल पेशींची नुसती गर्दी, आणि मधेच एक पांढरी पेशी, रंगवल्यामुळे जांभळी झालेली, आत वेडंवाकडं केंद्रक. ही माझी, असं मनात आलं. मी अभ्यास करत नव्हते तेव्हाही, मी कशावरून तरी हिरमुसून बसले होते तेव्हाही, परीक्षेत नापास होईन म्हणून रात्रभर कुढत होते तेव्हाही ही बया आपलं काम करत होती. मला इतकं भारी वाटलं की मी शेजारच्या मुलीला ओढून दाखवलं. तिने बघितलं आणि म्हणाली, “हो, माझीपण अशीच आहे.” तेही भारीच होतं. नंतरची वर्षं तशीच गेली. साखरेचं शरीरात काय काय होतं ती सगळी साखळी मी न्हाणीघराच्या फरशांवर बोटाने लिहून पाठ केली. बस थांबली की माणसं उतरतात-चढतात तेव्हा मला पेशीच्या भिंतीतली दारं दिसतात. कुणी शिंकलं की मी मनातल्या मनात शिंकेचा पुढचा प्रवास आखते. हे वेड आहे, मान्य. पण ज्याला लागलंय त्यालाच त्याची गोडी, आणि सोमवारपासून ते सगळं काचेपलीकडून बघायचं म्हणजे... मी खिडकीला डोकं टेकलं. बाहेर एक माणूस हातगाडीवर आरसे लादून नेत होता. आरशांमधून आमची बस तुकड्यातुकड्यांनी गेली.

गंमत म्हणजे ही शेवटची खेप घरच्यांची होती. मी रडले होते ना, ते आत्याने बघितलं, आणि तिने आख्ख्या घराला कामाला लावलं. “पोरीला माती हवीय, आणा!” जणू मला नवीन ड्रेस हवा होता. बाबा बस डेपोत काम करतात. त्यांनी डेपोतल्या चाकांना लागलेली माती खरवडून आणली, नीट रुमालात बांधून. आईने तिच्या ऑफिसच्या दारातली आणली आणि वॉचमनला काय सांगावं ते न सुचल्याने कानातलं पडलंय म्हणून सांगितलं. दादाने मैदानावरच्या बुटांचे तळवेच माझ्यासमोर धरले, “घे, किती हवी?” आणि आत्याने ती खिडकीतली कुंडी पुढे सरकवली. त्यातल्या मातीचं पाणी गाळलं तरी तपकिरीच राहिलं. पुन्हा गाळलं, तरी रंग जाईना. “हे काय, चहाच आणलास का?” शिट्टी म्हणाला होता, आणि मी म्हटलं होतं, “चहाच आहे तो, वर्षानुवर्षांचा.” मग मी झाकणांवर लिहिलं, जागा नाही, माणसंच लिहिली: बाबा, आई, दादा, आत्या. आणि पाचवी प्लेट, जिच्यात कुठलीच माती घालायची नसते, नुसते जिवाणू. ती ठेवावीच लागते. तिच्यात भोकं पडली तर समजायचं की आपल्या हातून किंवा आपल्या पिपेटमधून दुसऱ्या कुणाचा तरी फाज आत घुसलाय, आणि मग सगळीच खेप बाद. तिच्या झाकणावर मी ‘कोणी नाही’ असं लिहिलं आणि माझंच मला हसू आलं. मी इतकी खुशीत होते! घरातली सगळी माणसं एका रांगेत बसली होती. म्हणूनच तळाचं भान राहिलं नसावं. अर्थात हे मी मॅडमना सांगणार नव्हते.

लॅब उघडी होती. शिट्टी दारातच उभा होता, हात मागे बांधून, शिक्षा झाल्यासारखा. “मी अजून बघितलं नाही,” म्हणाला, “तुझ्याशिवाय नको म्हटलं.” चांगला आहे तो. मी कोट चढवला, केस बांधले, हातमोजे घातले. घाईत एक बोट दोनदा चुकीच्या जागी गेलं. इनक्युबेटरचं दार उघडलं, तो उबदार, आंबूस वास आला. प्लेटा बाहेर काढल्या, टेबलावर ठेवल्या. पहिली, झाकणावर ‘दादा’: साय सलग. दुसरी, ‘आई’: सलग. ‘आत्या’: सलग, एक ओरखडासुद्धा नाही. ‘बाबा’: सलग. शेवटची उचलली आणि उजेडासमोर धरली. भोकं! भोकंच भोकं, चाळणीसारखी, स्वच्छ, गोल. शिट्टीची शिट्टी सुरू झाली आणि मधेच तुटली, कारण त्याने झाकण वाचलं होतं. झाकणावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘कोणी नाही’.

मी स्टूलवर बसले. झाकण खरं असेल तर हा माझा फाज नव्हताच. मग हा गोट्याच असणार, शिट्टीचा, याच टेबलावर वाढलेला, माझ्या प्लेटमध्ये चुकून उडालेला. मग खेप बाद, सोमवारी कॉम्प्युटर. आणि झाकण खोटं असेल तर? तर ही चौघांपैकी कुणाची तरी असेल, आणि मी जिंकले असेन, आणि मला ते सिद्ध करता येणार नाही. जे सिद्ध करता येत नाही ते आमच्या शास्त्रात नसल्यातच जमा. एका मूर्ख मार्करने मी माझ्याच हाताने माझं दार लावून घेतलं होतं. “सॉरी गं,” शिट्टी म्हणाला. “तू कशाला सॉरी? लिहिलं मी.” “लावली मी.” “पण लिहिलं मी ना!” आम्ही दोघं गुन्ह्याच्या वाटणीवरून भांडायला लागलो, आणि त्या भांडणातच मॅडम आत आल्या. मॅडम बुटक्या आहेत, चष्मा कपाळावर ठेवतात आणि मग तोच शोधत फिरतात. त्यांनी प्लेट बघितली, झाकण बघितलं, मला बघितलं. “झाकणावर?” एवढंच म्हणाल्या. मी मान खाली घातली. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “मी काय शिकवलं होतं?” “झाकण बदलतं, तळ बदलत नाही.” “मग?” त्यांनी प्लेट माझ्या हातात परत दिली आणि चष्मा शोधायला वळल्या.

तळ बदलत नाही. ते वाक्य मी तीन वर्षं नावाबद्दलचं म्हणूनच ऐकलं होतं. मी झाकण काढलं, बाजूला ठेवलं, म्हटलं आता तू गप्प बस. आणि नुसत्या प्लेटकडे बघत राहिले, अक्षरांशिवाय, पहिल्या वर्षाला त्या जांभळ्या पेशीकडे बघितलं तसं. सायीच्या भोकांमधून खालचा थर दिसत होता. तो जरा मळकट वाटला. की दिव्यामुळे? मी ती पांढऱ्या कागदावर ठेवली. शेजारी ‘आत्या’ झाकणाची प्लेट ठेवली. पुन्हा बघितलं, मग मान तिरकी करून बघितलं, मग शिट्टीला म्हटलं, “खिडकीचा पडदा सरकव.” त्याने सरकवला. ऊन सरळ टेबलावर आलं. बाकीच्या चारही प्लेटा फिकट पिवळसर होत्या. एकीलाच, भोकांच्या प्लेटला, अगदी पुसट तपकिरी झाक होती. त्याच चहापत्तीवर दुसऱ्यांदा पाणी घालून केलेल्या चहाची असते तेवढी. “शिट्टी,” मी म्हटलं, “हा चहा आहे.” “काय?” “हा चहा आहे रे! आत्याचा चहा! गाळून जात नव्हता तो!” मी किंचाळले असणार, कारण शेजारच्या लॅबमधल्या दोघी धावत आल्या, काही सांडलं की काय म्हणून. मॅडमनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, म्हणजे तो सापडला तरी होता, आणि प्लेटांवर वाकल्या. मग म्हणाल्या, “शक्य आहे.” मॅडमच्या तोंडून शक्य आहे म्हणजे इतरांच्या तोंडून अभिनंदन. “पण रंगावर मी विश्वास ठेवणार नाही. आजच्या आज पुन्हा कर. त्याच कुंडीतली माती, शेजारी मातीशिवायची प्लेट. उद्या सकाळी तिथे भोकं आणि इथे नाहीत, असं दिसलं तर टेबल तुझं.” जाता जाता दारातून वळून म्हणाल्या, “आणि नाव...” “तळाला,” मी आणि शिट्टी एका सुरात म्हणालो.

मी आत्याला फोन लावला. “आत्या, कुंडीतली माती हवीय, चमचाभर, लगेच.” “का, सापडला?” “सापडलाय असं वाटतंय.” “आलेच,” म्हणाली आणि फोन कट. मी म्हणणार होते की दादाबरोबर पाठव. पण भिंगरी ती भिंगरी. थोड्या वेळाने कॉरिडॉरमध्ये गडबड ऐकू आली, शिपाई कुणाला तरी “बाई, झाड घेऊन आत जाता येत नाही” म्हणत होता. आत्या आख्खी कुंडी पोटाशी धरून बसने आली होती. घाईत एका पायात तिची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात आईची. केस विस्कटलेले, कपाळावर घाम, आणि तोंडावर भलताच घोर. “अगं, चमचाभर म्हटलं होतं मी!” “चमचाभर कुठून घ्यायची ते मला काय ठाऊक? तो नेमका कुठल्या कोपऱ्यात बसलाय ते तुला ठाऊक आहे का?” याचं उत्तर आमच्या पाठ्यपुस्तकातही नसतं. मग तिने मला बाजूला ओढलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “सकाळचा तो खारट चहा मी यातच ओतला. मेला असेल का गं तो?” मला हसू आलं, आणि रडूही, दोन्ही एकदम. तीन कप मिठाच्या पाण्याने तिने माझं वर्ष बुडवलं की काय, या काळजीत ती सबंध बसभर कुंडीला मिठी मारून बसली होती. “नाही आत्या,” मी म्हटलं, “तेवढ्याने नाही मरत तो.” तसं माझं मलाही नक्की ठाऊक नव्हतं. पण मी चहा पडतो त्याच्या उलट्या बाजूने, तळाजवळून माती घेतली.

त्या दिवशी मी प्रत्येक गोष्ट सावकाश केली. पाणी, माती, गाळणी. पुन्हा तोच तपकिरी रंग. आत्या दाराच्या काचेला नाक लावून उभी होती. शिट्टी तिला एकेक पायरी समजावत होता, आणि ती प्रत्येक वाक्यावर “हो का?” म्हणत होती, मोठ्यांदा, काचेतून मला ऐकू येईल अशी. मी प्लेटा पालथ्या केल्या आणि तळाला लिहिलं. एकीवर ‘आत्या’, एकीवर ‘कोणी नाही’. लिहून झाल्यावर तळ काचेकडे वळवून तिला दाखवला. तिने वाचलं आणि पदराने नाक पुसलं. घरी परतताना बसमध्ये आम्ही कुंडी आमच्या दोघींच्या मधे ठेवली होती. एका बाईने विचारलं, “कसलं झाड हो?” आत्या म्हणाली, “झाडाचं काही नाही, मातीत आमचा एक माणूस आहे.” बाई पुढच्या स्टॉपला उतरल्या.

सकाळी आई, बाबा, दादा, आत्या, सगळी उठून बसली होती, पण कुणी चहाचं नाव काढत नव्हतं. मी एकटीच गेले. लॅबमध्ये मॅडम माझ्या आधी आल्या होत्या. त्यांनी इनक्युबेटरला हात लावला नव्हता, फक्त शेजारी उभ्या होत्या. मी दार उघडलं. ‘कोणी नाही’ उचलली: साय सलग, गुळगुळीत, एकही भोक नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या गुळगुळीत सायीचा मुका घ्यावासा वाटला. मग ‘आत्या’ उचलली. सगळी चाळण! स्वच्छ, गोल, उजेड आरपार जाणारी भोकं, आणि त्यांच्यामधून दिसणारा तो पुसट चहा. माझा जीव भांड्यात पडला. मॅडमनी प्लेट माझ्या हातातून घेतली, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. “टेबल तुझं,” म्हणाल्या. मग जरा थांबून, हळूच, “फार सुंदर भोकं आहेत गं.” मी उड्या मारल्या. तिसऱ्या वर्षाची मुलगी, पांढऱ्या कोटात, हातात प्लेट नव्हती म्हणून बरं. शिट्टी आला आणि त्यानेही उड्या मारल्या, काय झालं ते विचारायच्या आधीच.

घरी पोहोचले तर दारातच सगळी. मी फोनवर काही सांगितलं नव्हतं, पण माझं तोंडच सांगत होतं म्हणे. बाबांनी मला उचललं, मग त्यांची कंबर धरली म्हणून लगेच खाली ठेवलं. आई म्हणाली, “म्हणजे आता तू कोण झालीस?” “कोणी नाही गं, तीच आहे,” मी म्हटलं. “फक्त सोमवारी माझ्या टेबलावर बसणार आहे.” दादा म्हणाला, “आणि नाव काय ठेवलंस त्याचं?” मी आत्याकडे बघितलं. “भिंगरी,” म्हटलं. मग बाबा हसत सुटले, आणि आत्या भडकली. “विषाणूला माझं नाव? लोक काय म्हणतील? कुणाला सर्दी झाली की माझं नाव घेतील!” “सर्दीचा नाही तो आत्या, जिवाणू फोडतो. आणि तो घाईत असतो. बाकीच्यांचे फाज भोकं पाडायला जेवढा वेळ लावतात, त्याच्या कितीतरी आधी हा पाडून मोकळा.” “घाईत असतो?” “प्रचंड.” आत्याने आमच्याकडे पाठ फिरवली, चहा ठेवला, डबा उघडला, आणि आज तिने साखर आधी जिभेवर ठेवून बघितली. तेव्हा मला दिसलं की दोन्ही डब्यांच्या झाकणांवरच्या पट्ट्या गेल्या आहेत. मी एक डबा उचलला. पट्टी तळाला चिकटवलेली होती, आणि ती वाचायला डबा पालथा केला तसं अर्धं मीठ ओट्यावर सांडलं.

दादा जमिनीवर बसून हसत होता. आत्या मीठ गोळा करत होती, माझ्याकडे न बघता. “ते तुझं... ते आता कुठे ठेवलंय?” तिने विचारलं. “नळीत. लॅबच्या फ्रीजरमध्ये, खूप थंड. तिथे तो राहील.” “किती दिवस?” “दिवस नाही आत्या. वर्षानुवर्षं. मी पास होऊन गेल्यावरही, मॅडम गेल्यावरही. पुढे कुणाला लागला तर नाव वाचून काढतील.” तिचे हात थांबले. भिंगरीचे हात मी थांबलेले क्वचितच बघितलेत. चहा उकळून वर आला तरी तिने गॅस बारीक केला नाही. मीच केला. “नाव कशावर लिहिलंस?” तिने विचारलं.

“नळीच्या अंगावर आत्या,” मी म्हटलं. “झाकणावर नाही.”